बारा रेघांचा प्ले

आमच्या भंडारा जिल्ह्यात आंबागडला लोक येतात ते किल्ला बघायला. 1700 च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंदाचा सुभेदार राजा खान पठाण याने तो बांधला, पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, हे आम्ही पाहुण्यांना तोंडपाठ सांगतो. अलीकडे मात्र काही मंडळी किल्ल्याकडे न वळता आमच्या पडवीकडे वळतात. तिथे भाच्याचं टेबलावरचं मिलिंग मशीन आहे. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो: एवढं जड हे इथवर चढवलं कसं?

भाचा आयटीआय केलेला. जवळचं तुमसर तांदळाची पेठ, आजूबाजूला राइस मिल, त्यांचे किरकोळ पार्ट करून देण्याचा त्याचा धंदा. मशीन नागपूरहून सेकंडहँड आणलं. त्याला तीन चाकं: एकाने टेबल डावीउजवीकडे सरकतं, दुसऱ्याने मागेपुढे, तिसऱ्याने कटर खालीवर. चाकं हाताने फिरवायची आणि कटरखाली जॉब सरकवायचा, एवढंच खरं तर. पण भाच्याने एक दिवस जाहीर केलं, "मामाजी, याला सीएनसी करतो." म्हणजे चाकांच्या जागी मोटारी आणि हाताच्या जागी कॉम्प्युटर. घरात एखाद्याने संन्यास घेतल्यावर होते तशी शांतता झाली.

मोटारी यायला वेळ होता, तेवढ्यात त्याला एक वाकडा कॅम कापायचा होता. कॅमच्या कडेवरच्या बिंदूंची यादी त्याने कागदावर काढली. तो एका चाकावर, शेजारचा पोरगा दुसऱ्या चाकावर, आणि मी खुर्चीत बसून आकडे वाचणार. "एक्स बारा पूर्णांक चार, वाय सात." दोघं चाकं फिरवत. "झालं का?" "झालं." पुढचा आकडा. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला आणि कॅम मात्र बरा निघाला. शाळेत पाढे घेतले त्याचं एवढं चीज आधी कधी झालं नव्हतं.

नंतर कळलं की हा प्रकार अगदी खानदानी आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स नावाचे गृहस्थ हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत. त्यांच्या कारखान्यातही एक माणूस तक्त्यावरचे आकडे वाचायचा आणि दोघं दोन चाकं फिरवायचे. आकडे वाचणारा माणूस काढून टाकता येईल का, एवढ्या विचारातून पुढचं रामायण झालं. 1949 साली अमेरिकी हवाई दलाने पैसे दिले, काम एमआयटीच्या प्रयोगशाळेकडे गेलं आणि 1952 मध्ये भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं पहिलं मिलिंग जगाला दाखवलं. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की ते यंत्र नवं नव्हतंच. सिनसिनाटी कंपनीचं साधं तयार मिलिंग घेऊन त्याला मोटारी आणि व्हॅक्यूम ट्यूबांचं कपाट जोडलं होतं. म्हणजे या घराण्याचा मूळपुरुषच जुन्याचं नवं केलेला. त्याच एमआयटीने आपल्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची कार्यशाळा, 2002 मध्ये काढली ती पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात. हे ऐकल्यापासून आमच्या पडवीकडे मी जरा आदराने बघतो.

एमआयटीचं कपाट आता तळहाताएवढ्या अर्डुइनो बोर्डात मावतं. त्यात जीआरबीएल नावाचा फुकटातला प्रोग्राम घालायचा. त्या अर्डुइनोची प्रोग्रामसाठीची मेमरी 32 केबी; मोबाइलवरचा एक गुड मॉर्निंगचा फोटो त्यात मावायचा नाही. मोटारी स्टेपर. एका फेऱ्याचे 200 टप्पे, आणि टेबलाचा स्क्रू एका फेऱ्याला 2 मिलिमीटर सरकवणारा. म्हणजे एक टप्पा एक शतांश मिलिमीटरचा. कागदावर सगळं इतकं गोड होतं की भाच्याने पहिल्याच दिवशी ॲल्युमिनियमच्या पट्टीत एक गोल कापला.

तो गोल मी जपून ठेवला आहे. लांबून गोलच दिसतो. बोट फिरवलं की चार जागी नख अडतं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तिथे तो किंचित चपटा आहे. कारण स्क्रू आणि नट यांच्यातला प्ले. जुन्या हातपंपाचा दांडा सुरुवातीला थोडा नुसताच खाली जातो, तसं चाक उलटं फिरवलं की त्यावरच्या पहिल्या बारा रेघा टेबल हलतच नाही. एक रेघ दोन शतांश मिलिमीटरची. म्हणजे जवळजवळ पाव मिलिमीटर नुसतंच गायब. गोल कापताना प्रत्येक दिशेची मोटर दोनदा उलटते, म्हणून चार चपट्या जागा.

गंमत अशी की हा प्ले पहिल्या दिवसापासून होता. हाताने काम करताना भाचा नेहमी एकाच बाजूने येऊन रेघेवर थांबायचा. पुढे गेलाच तर बराच मागे जाऊन परत यायचा. त्याला विचारलं असतं तर असं काही करतो हे त्याने कबूलही केलं नसतं. हात सांभाळून घेत होता. कॉम्प्युटरला कोणाचं सांभाळून घ्यायची सवय नाही.

मग महिनाभर कॉम्प्युटर बाजूला आणि नटाचा संसार. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, आणि आमच्या मशीनचा पितळी नट झिजलेला! भाच्याने नटाला चीर पाडली, आडवा बोल्ट घातला आणि तो कसून प्ले कमी केला. जास्त कसला की मोटर अडकून टप्पे चुकवते, सैल सोडला की गोल चपटा. शेवटी दोन रेघांवर तह झाला. यापेक्षा बरं हवं तर बॉल स्क्रू, आणि त्याची किंमत ऐकून भाचा दोन रेघांवर समाधानी आहे.

राहिला प्रश्न विजेच्या लाइनचा. स्टेपर मोटर आपण कुठे आहोत हे बघत नाही, नुसते सांगितलेले टप्पे टाकते; ते मोजतो अर्डुइनो. लाइन गेली की मोजणी गेली. आली की पुन्हा कोपऱ्यातल्या स्विचला टेकून शून्यापासून. त्यामुळे मशीन चालू असताना भाचा तिथेच उभा असतो, एक हात लाल बटणाजवळ. शेजारच्या आजीने परवा विचारलं, "आपोआप चालते म्हनतेस, मंग तू काऊन उभा हायेस जी?" भाचा म्हणाला, "ते आपोआप चालते का नाही ते पाहून राहिलो."

तुमच्याकडे असं जुनं मिलिंग असेल तर मोटारी मागवण्याआधी एक डायल गेज घ्या आणि आपला प्ले किती रेघांचा आहे ते मोजा. जुनी चाकं भंगारात देऊ नका, लाइन नसताना टेबल सरकवायला लागतात. मात्र मोटर चालू करण्याआधी चाकाची मूठ काढून ठेवा; ती वेगात फिरते आणि बोटं मोडते.