आज पाणी, उद्या सेमीफायनल

ड्रॉचा कागद हातात आला की आधी तो उलटा धरावा. सरळ धरला तर त्यावर असं दिसतं: शुक्रवारी लीगची शेवटची मॅच, शनिवारी क्वार्टर, रविवारी सकाळी सेमी आणि नशीब फुटलंच तर रविवारी संध्याकाळी फायनल. आयोजकांना दोष देऊ नका. सोमवारी त्यांना मैदान रिकामं करून द्यायचं असतं. मागे एखादं प्रदर्शन, एखादी सभा आणि टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा रांगेत उभी असते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात फुटबॉल आमखासवर रंगतो, आणि मैदानाच्या नावातच सगळं आलं. आम लोकांची वेळ संपली की खास लोकांचा मंडप पडतो.

तर चार दिवसांचं काम तीन दिवसांत करायचं असताना हल्ल्याचा वेग कोणता ठेवावा, याचं हे शास्त्रोक्त मार्गदर्शन. लेखकाची पात्रता विचाराल तर बरीच वर्षं राखीव बाकावर काढली आहेत. बाकावरून खेळाचा वेग फार स्वच्छ दिसतो, कारण त्यात आपलं योगदान शून्य असतं.

पायरी पहिली: दम मोजणे. पोरांना ‘दम आहे का’ असं कधीही विचारू नये. ‘हौ भाई, फुल्ल’ याखेरीज दुसरं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. पोटरीला गोळा येऊन आडवा पडलेला स्ट्रायकरही जमिनीवरून ‘हौ भाई’च म्हणतो. त्याऐवजी विचारावं, ‘काल रात्री कुठं होतास?’ एक जण वाळूजला तिसरी पाळी करून थेट बूट घालायला आलेला असतो. दुसरा मावसभावाच्या लग्नात नान-खलियाच्या दोन पंगती उठवून आलेला असतो, आणि पहिल्या हाफमध्ये त्याच्यामागे खलियाही धावतो. तिसरा गप्प असतो. त्याच्या तळहाताला पाइप घासल्याची खूण दिसली की समजावं, काल त्यांच्या गल्लीत पाणी आलं होतं.

हा तिसरा सगळ्यात धोकादायक. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आठ-आठ दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा कुणाची झोप मोजून येत नाही. रात्री दोन वाजता मोटर लावायची, टाकी भरायची, पिंप भरायचं, कळशा, बादल्या, शेजारच्या आजींचा हंडा, शेवटी घरातली सगळी पातेली. असा माणूस दुसऱ्या दिवशी विंगवरून धावताना तुम्हाला ताजा वाटतो. सत्तराव्या मिनिटाला कळतं की हा माणूस रात्रीपासून सेकंड हाफच खेळतोय.

पण याच पोराकडून वेगाचं गणित शिकावं, दुसऱ्या कुणाकडून नाही. भरलेली टाकी बघून तो खूश होत नाही. आज किती, उद्या किती, पाहुणे आले तर किती, हे त्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं. आंघोळीला एक बादली म्हणजे एकच. सहाव्या दिवशी टाकीत हात घालून तळ चाचपायची वेळ येऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून हात आखडता. घरी एवढा शहाणा असलेला हा मुलगा मैदानात आला की पहिल्या वीस मिनिटांत टाकी उपडी करतो. का, ते अजून कळलेलं नाही.

दुसरी पायरी खरं तर पहिलीच्या आधी करायची होती, ती म्हणजे शास्त्र. मॅचमध्ये साधारण दहा-बारा किलोमीटर धावणं होतं, त्यातलं बरंचसं दुडक्या चालीनं. माणूस मोडतो तो जोरात सुटण्यानं, अचानक थांबण्यानं, पुन्हा सुटण्यानं. स्नायूंतला साखरेचा साठा भरून यायला दोन ते तीन दिवस लागतात आणि स्नायूंची आतली झीजही तेवढाच वेळ घेते. २०१० साली ग्रेगरी द्युपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका व्यावसायिक संघाचा हिशेब मांडला. आठवड्यात दोन मॅच खेळणारे खेळाडू एक मॅच खेळणाऱ्यांइतकेच धावले, अंतरात म्हणावा असा फरक पडला नाही. दुखापती मात्र हजार तासांमागे ४.१ वरून २५.६ वर गेल्या. म्हणजे ‘हौ भाई’ हे उत्तर खोटं नव्हतं. पाय धावत होतेच, फक्त आतून उसवत होते. नान-खलियाचे लोक इथे सांगतील की साखरेचा साठा भरायलाच आम्ही लग्नाला गेलो होतो. नानपुरतं त्यांचं म्हणणं मान्य करावं. खलियावरच्या तेलाच्या तवंगाबद्दल शास्त्र गप्प आहे.

आता प्रत्यक्ष वेग. बाजारात तीन जाती मिळतात.

पहिली वळवाच्या पावसासारखी. शिट्टी वाजली की सगळे पुढे, चेंडू गेला की तिथल्या तिथे तिघांनी घेरायचं, श्वास नंतर घ्यायचा. यासाठी प्रसिद्ध असलेल्या युर्गन क्लॉपच्या लिव्हरपूलवर डिसेंबर २०१९ मध्ये काय प्रसंग आला तो ध्यानात ठेवावा. १७ तारखेला इंग्लंडमध्ये अॅस्टन व्हिलाशी कपची मॅच आणि १८ ला दोह्यात मॉन्तेरेशी क्लब वर्ल्ड कपची सेमी, मध्ये चोवीस तासही नाहीत. क्लॉपनी वेग कमी केला का? छे, माणसंच वाटली. इंग्लंडमध्ये पोरासोरांचा संघ उतरला आणि ०-५ हरला, दोह्यात खरे खेळाडू २-१ जिंकले. उपाय उत्तम आहे. आपल्याकडे त्याला एकच अडचण. आपल्या संघात एकूण चौदा जण, त्यातला एक गोलकीपरचा धाकटा भाऊ आणि एक मी.

दुसरी जात गोव्याची. २०२०-२१ चा आयएसएल मोसम कोविडमुळे अख्खा गोव्यात झाला, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशा तीन मैदानांवर. २० नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी, शंभर दिवसांत प्रत्येक संघाच्या वीस लीग मॅच. त्यात आपल्या मुंबई सिटीला सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक होते. त्यांची रीत अशी: चेंडू आपल्याकडे ठेवायचा, कीपरपासून पास सुरू करायचा, मधोमध अहमद जाहूनं घड्याळजीसारखं उभं राहून कधी सावकाश, कधी एकदम लांब असं ठरवायचं. चेंडू धावतो, माणसं चालतात, आणि चेंडू नसलेला प्रतिस्पर्धी मात्र पळून पळून बेजार होतो. लीग संपली तेव्हा मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचेही ४० गुण होते आणि शील्ड मुंबईला मिळालं. १३ मार्चच्या फायनलमध्ये पुन्हा तेच दोघे समोरासमोर. १-१ असताना नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल केला. नव्वदाव्या मिनिटाला पाय उचलायला आधी टाकीत काहीतरी शिल्लक लागतं.

हे वाचून लगेच मैदानात पासांची माळ ओवायला घेऊ नका. फातोर्ड्याला हिरवळ होती. आपल्याकडे तिसऱ्या पासला चेंडू खड्यावर आपटतो आणि ज्याच्या पायाकडे यायचा त्याच्या हनुवटीकडे येतो. शिवाय त्या मोसमात स्टेडियम रिकामी होती. ही गोष्ट कुठल्याही विश्लेषणात ठळकपणे येत नाही, पण माझ्या मते तीच निर्णायक आहे. लोबेरांच्या मागच्या भिंतीवर चाचा बसलेले नव्हते.

चाचांविषयी थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. ते भिंतीवर असतात, पाय आत सोडून, खिशात पान. त्यांनी स्वतः कधी काळी राइट विंगला खेळल्याचं ते सांगतात आणि तो काळ पाहिलेला दुसरा माणूस कधीच हजर नसतो. तुमच्या संघानं मागच्या मागे चौथा पास दिला की चाचा उठून उभे राहतात. ‘अरे आगे मार ना! कायकू डर रहा?’ पाचव्या पासला अख्खी भिंत ओरडते. सहाव्याला तुमचा सेंटर बॅक, ज्याला तुम्ही तीन दिवस संयम शिकवला, तो डोळे मिटून चेंडू आभाळात भिरकावतो. चेंडू समोरच्या संघाकडे जातो, आपली पोरं परत पळत येतात आणि चाचा समाधानानं खाली बसतात. टाकीतल्या पाण्याचा हिशेब लावला तर एवढी गळती दुसऱ्या कुठल्याच नळाला नाही. उपाय एकच. चाचांना मॅचआधी भेटून चहा पाजावा आणि हळूच सांगावं, ‘चाचा, आज आपुन उनको थकाके मारनेवाले.’ मग पासांना तेच वाहवा देतात आणि भिंत त्यांचं ऐकते. हा चहा क्लबच्या खर्चात टाकावा.

तिसरी जात अस्सल स्थानिक. १६१० साली ज्यानं खडकी वसवली आणि आपल्या शहराचा पाया घातला, तो मलिक अंबर हा कमी मनुष्यबळात जास्त मोहिमा खेळणारा दख्खनचा पहिल्या प्रतीचा प्रशिक्षक. समोर मुघलांची फौज म्हणजे लांबलचक बाक, हवे तेवढे राखीव. अंबर त्यांच्याशी समोरासमोर शक्यतो भिडतच नसे. हलके घोडेस्वार यायचे, रसद तोडायचे, चावा घेऊन निघून जायचे, आणि जड फौज मागे धावून दमायची. १६२४ ला अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशी जोडगोळी अंगावर आली, तेव्हा त्यानं तळ्याचा बांध फोडून समोरच्यांच्या छावणीत चिखल केला आणि मग हल्ला चढवला. फुटबॉलच्या भाषेत सांगायचं तर मागे बसा, चेंडू त्यांना द्या, त्यांना चिखलात खेळवा आणि दोन ताज्या घोड्यांना पुढे सोडा. सकाळची सेमी आणि संध्याकाळची फायनल असेल तर सेमीसाठी माझं मत याला आहे. मात्र आदल्या रात्री टँकर बोलावून मैदानात पाणी सोडण्याचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो काढून टाकावा. आठवडाभर थांबणाऱ्या गल्लीतून तो टँकर मैदानापर्यंत पोचणारच नाही.

या तिन्हींची मिसळ करता येते आणि करावीच. पहिली दहा मिनिटं वळीव, कारण तेव्हा समोरचेही बुटाची नाडी बांधत असतात. गोल झाला तर अंबर. नाही झाला तर अंबरच, फक्त चेहरा लोबेरांचा ठेवायचा. हाफटाइमनंतर पुन्हा पाच मिनिटं वळीव. बदली खेळाडू साठाव्या मिनिटालाच उतरवावेत, ऐंशीव्याला नाही. मोठ्या फुटबॉलमध्ये २०२० पासून पाच बदल मिळतात ते याच कारणासाठी, आणि ते पाचही बहुतेक वेळा विंगवर खर्चावेत, कारण सर्वांत जास्त जोरात सुटणारे तेच. सेंटर बॅकला पोट असलं तरी चालतं. आमच्याकडे आहे.

श्वास चोरण्याच्या परंपरागत जागा आता कमी झाल्या आहेत, हेही सांगून ठेवतो. पूर्वी कीपर चेंडू पोटाशी धरून तान्ह्या बाळासारखा झोपवत असे. २०२५-२६ पासूनच्या नियमात आठ सेकंदांच्या वर धरला तर थेट कॉर्नर, आणि शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांवर मोजून दाखवतो. थ्रो-इनच्या आधी चेंडू शर्टाला पुसणं अजून चालतं. नाडी अजून सुटते.

सगळं जमवूनही फायनलला पोचलातच तर वेगाचा विचार तिथे बंद करावा. तिथे दोन्ही संघ सारखेच रिकामे असतात आणि चेंडूसुद्धा थकल्यासारखा घरंगळतो. त्याऐवजी शनिवारी रात्रीच एक काम करून ठेवा. अकराच्या अकरा जणांना फोन लावून विचारा, उद्या संध्याकाळी कुणाच्या गल्लीत पाणी आहे. आमच्या वेळी हे कुणी विचारलं नव्हतं. फायनलच्या ऐंशीव्या मिनिटाला ०-० असताना लेफ्ट बॅकच्या धाकट्या बहिणीनं भिंतीपलीकडून फक्त दोन शब्द ओरडून सांगितले. त्यानंतर तो ज्या वेगानं सुटला, तसा वेग त्या संपूर्ण स्पर्धेत आमच्या संघातल्या कुणीही दाखवला नव्हता. दिशा तेवढी शाहगंजकडची होती. त्याच्या जागी मला उतरवण्यात आलं.