छेद कुठे आहे, सर?

महोदय,

गणित शिकवणाऱ्या माणसाने अपूर्णांकाचा छेद लपवावा, ही लाजेची गोष्ट आहे. सीईटीचा निकाल लागला की शहरातल्या प्रत्येक चौकात तुमच्या कोचिंग क्लासचा फ्लेक्स चढतो. वर तुमचा हाताची घडी घातलेला फोटो, खाली मुलांचे चेहरे आणि आकडे. ‘९९ पर्सेंटाइलच्या वर इतके इतके विद्यार्थी.’ कितीपैकी? तुमच्या शाखा किती, तुकड्या किती, फी भरून बसलेली एकूण मुलं किती? फोटोतल्या मुलांपैकी दोन वर्षं तुमच्याकडे कोण होतं आणि शेवटच्या महिन्यात फक्त टेस्ट सिरीज कुणी घेतली? अंश फलकभर मोठा छापता. छेदाला तिथे वीतभर जागा मिळत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. माझ्या पटावर मुलं आहेत, वर्गात नाहीत. ती तुमच्याकडे ‘इंटिग्रेटेड’ आहेत. तरीही निकालानंतर त्यांचे आईवडील स्कोअरकार्ड घेऊन माझ्याकडे येतात, कारण तोवर तुमच्या ऑफिसातले लोक पुढच्या बॅचच्या अ‍ॅडमिशनमध्ये गुंतलेले असतात. ‘सर, पंच्याऐंशी पडले, डिस्टिंक्शनच्याही वर. मग पुण्यातलं चांगलं कॉलेज का मिळत नाही?’ दोन वर्षांत लाखांनी फी घेतलीत. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे सांगायला तुम्हाला दहा मिनिटं सापडली नाहीत.

मी त्यांना सांगतो ते तुम्हीही ऐका. सीईटी एका दिवसात होत नाही. अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखादी सोपी निघते, एखादी अवघड. म्हणून थेट गुणांची तुलना न करता मुलाला त्याच्याच सत्रातल्या मुलांशी ताडून पाहतात. त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळालेली सत्रातली मुलं मोजायची, सत्राला बसलेल्या एकूण मुलांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. सत्रात १०,००० मुलं असतील आणि त्यातली ८,५०० त्याच्या बरोबरीने किंवा मागे असतील, तर पर्सेंटाइल ८५. त्याला २०० पैकी किती गुण पडले, हे या आकड्यातून कळत नाही. कळते ती रांगेतली जागा. आणि रांग समजा ३ लाखांची असेल, तर ८५ म्हणजे पुढे सुमारे ४५ हजार मुलं. ९९ म्हणजे पुढे सुमारे ३ हजार. १०० पर्सेंटाइल तर प्रत्येक सत्रात सगळ्यांत वर असलेल्याला मिळतो, म्हणून एका वर्षी अनेकांना मिळतो. एवढं कळलेली आई ‘गॅरंटीड ९५ प्लस’ वाचून कर्ज काढणार नाही. तिला हे न सांगण्यात तुमचा फायदा आहे, म्हणून तुम्ही सांगत नाही.

परीक्षेवर माझा राग नाही. वेगवेगळ्या बोर्डांच्या मुलांना एका मापाने मोजायला काहीतरी लागतंच. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मराठी-उर्दूतून देण्याची सोय सीईटीने ठेवली आहे. अकरावीचा भार सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८०, हे मुलाला आधीच सांगून ठेवलं आहे. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

या शेवटच्या गोष्टीवर थांबतो, कारण इथे तुम्ही मुलांचं उघड नुकसान केलं आहे. जेईई मेन आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. तिथे अंदाजाला आवर घालावा लागतो. तुमच्या ‘जेईई-सीईटी कंबाइन्ड’ बॅचमध्ये तीच सवय दोन वर्षं घोटून घेतली जाते. त्या बॅचचा एक मुलगा सीईटीत गणिताचे २० प्रश्न कोरे सोडून आला. का, विचारलं तर म्हणाला, ‘येत नसेल तर हात लावू नका, असं शिकवलंय.’ प्रत्येकी ४ पर्याय, प्रत्येक प्रश्न २ गुणांचा. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी सरासरीने १० गुण हाती लागले असते. मधल्या गर्दीत १० गुणांत हजारो मुलं उभी असतात. संभाव्यता हा धडा तुम्हीही शिकवता ना?

बारावीचं प्रॅक्टिकल, बोर्डाचा अभ्यास ‘शेवटच्या महिन्यात बघू’ असं मुलांना सांगता. एनआयटीत प्रवेशासाठी खुल्या गटाच्या मुलाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा लागते, हे तुमच्या माहितीपुस्तकात कुठल्या पानावर आहे?

नियम झाले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने सांगितलं, १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका, रँकची हमी देऊ नका, मूल मधेच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं, यशस्वी मुलाचा फोटो छापायचा तर निवड झाल्यानंतर त्याची संमती घ्या आणि त्याने कोणता कोर्स केला तेही लिहा. तुमचा आठवीचा ‘फाउंडेशन’ मात्र जोरात सुरू आहे.

या जूनपासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी तुमच्या दारात तीन प्रश्न देऊन पाठवणार आहे. गेल्या वर्षी एकूण किती मुलांनी फी भरली? त्यांतल्या बरोबर मधल्या मुलाचा पर्सेंटाइल किती? मुलाला सहा महिन्यांत काढलं, तर किती पैसे परत, आणि ते लेखी देता का? उत्तरं तुमच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवीत.

आपला,
अकरावी-बारावीला गणित शिकवणारा एक शिक्षक