अण्णांचे पाम

अण्णांचं वाट बघण्याशी जन्माचं वाकडं. ज्वारी पोटरीत असतानाच हे हुरड्याचं आवतण देऊन मोकळे होतात. गड्ड्याच्या जत्रेत वरचे पाळणे भरायच्या आत "सोड की बे!" म्हणून ओरडणारा आवाज यांचाच.

होटगी रोडला बंगला बांधला, तेव्हा माळीमामांनी बॉटल पामची कमरेएवढी रोपं दाखवली.

"फाटकाच्या वर जायला किती वर्षं?"

"धा-बारा तरी."

"तोवर मी हार घालून भिंतीवर असंन, मामा!"

झालं. जुन्या घरापुढं वडिलांनी लावलेले चार दुमजली पाम होते, तेच उचलायचे ठरले. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, हे ऐकून अण्णा चकित. "तोडायलोय कुठं साहेब? बिऱ्हाड हलवायलोय!" अर्जात कारण लिहिलं : वास्तुशांत.

मामा म्हणत होते, मृग लागू द्या. पण वास्तुशांत अक्षय्य तृतीयेची, म्हणजे ऐन उन्हाच्या तडाख्यात. हायड्रा क्रेनचं भाडं तासावर, त्यामुळं अण्णांच्या घाईला भलताच जोर चढला.

खरं सांगायचं तर पाम हे अण्णांसाठीच घडवलेलं झाड. त्याला सोटमूळ नाही. बुडाशी बारीक मुळांचा झुपका, नवी मुळंही तिथूनच फुटतात. म्हणून थोराड वयात जागा बदलली तरी जगतं. मात्र शेंड्याचा कोंब एकच. त्याला दणका बसला की खेळ खलास. मामांनी खोडाला गोणपाट गुंडाळलं, निम्म्या झावळ्या छाटल्या, उरलेल्या सुतळीनं आवळल्या. मुळं तुटल्यावर एवढ्या पानांना पाणी पुरवणार कोण? पण जावळ काढलेल्या बाळासारखे ते दुमजली देह पाहून अण्णा कळवळले. "शोभाच घालवली की!" वर, पडू नयेत म्हणून दोन फूट जास्त खोल पुरायचा हट्ट. आधी होतं तेवढंच पुरायचं, नाहीतर बूड कुजतं, हे मामांनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा अण्णा फोनवर होते. मामांनी मुकाट्यानं आपल्याच मापानं पुरलं आणि बांबूचे टेकू दिले.

आमच्याकडं नळाला रोज पाणी नाही. तेव्हा घरच्यांना अर्धी अर्धी बादली आणि पामांना टँकर, अशी वाटणी झाली. वहिनी काय म्हणाल्या ते छापण्याजोगं नाही.

वास्तुशांतीला पाहुणे आले, पामांची तोंडभर स्तुती केली आणि ताटं घेऊन शेजाऱ्याच्या लिंबाखाली जाऊन बसले. एवढ्या उन्हाच्या गावात बिनसावलीच्या झाडाची हौस लोकांना का असते, कोण जाणे. अण्णा भर उन्हात चार खोडांमध्ये एकटेच उभे. बराच वेळ लिंबाकडं बघत होते.

संध्याकाळी मामांना बोलावणं गेलं.

"तो लिंब देतो का विचारा शेजाऱ्याला."

"मालक, त्याला सोटमूळ आहे. लई खोल."

"मग मोठा हायड्रा सांगू की, मामा!"