नऊशे फुटांखालच्या पाण्याच्या धन्यास खुले पत्र

श्रीमान बागायतदार यांस,



पत्रावर तुमचं नाव घातलेलं नाही. घालायचं म्हटलं तर अहिल्यानगरपासून सोलापूरपर्यंत आणि जालन्यापासून लातूरपर्यंत प्रत्येक तालुक्यातलं निदान एक नाव घालावं लागेल. तुमची ओळख तुम्हाला पटेलच. नऊशे फुटांचा बोअर, त्याला लागून काळा कागद अंथरलेलं शेततळं, भोवती तारेचं कुंपण. मे महिन्यात चौकात टँकरपुढे घागरींची रांग लागते, तेव्हा त्या कुंपणाआड पाणी काठोकाठ असतं.

शेततळं कशासाठी असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवारातून वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायचं आणि पावसाने ताण दिला की पिकाला एक-दोन पाळ्या द्यायच्या. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्याला ५० हजारांपर्यंत अनुदान होतं, ते याच कामासाठी. तुमचं तळं त्याच्या कितीतरी पट मोठं आहे. त्याचे बांध जमिनीच्या वर उचललेले आहेत आणि ओढ्याचं पाणी आत यायला वाटच ठेवलेली नाही. आत येतो तो फक्त बोअरचा पाइप. जमिनीखाली सावलीत, झाकलेलं, सगळ्या गावाचं असलेलं पाणी तुम्ही वीज जाळून वर आणता आणि उन्हात उघड्यावर ठेवता. वर आलं की ते तुमचं होतं. तळ्याचा उपयोग तेवढाच.

तुम्हाला हिशेब आवडतो, म्हणून हिशेबच मांडतो. तुमचं तळं एक कोटी लिटरचं, असं तुम्हीच लग्नाकार्यात सांगता. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. दीड हजार वस्तीच्या गावाला तुमचं एक तळं चार महिने पुरेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पन्नास वाघिणींची ती जलदूत गाडी एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी आणायची आणि देशभरातले कॅमेरे तिच्यामागे धावायचे. अशा चार फेऱ्यांचं पाणी तुमच्या कुंपणाआड आहे.

आता वाफेचं बघा. दोन हजार चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तरी दिवसाला सोळा हजार लिटर होतात. दहा हजारी टँकर दीड वेळा रिकामा होईल, एवढं पाणी तुम्ही रोज आभाळाला देता. शेजारच्या बाईने एक हंडा मागितला तर मोटर नादुरुस्त असते.

तुमची वही मला चोख वाटते. ड्रिलिंग, केसिंग, सबमर्सिबल मोटर, केबल, पाइप, कागद, ठिबक हा सगळा खर्च एका बाजूला आणि डाळिंबाचे, उसाचे पैसे दुसऱ्या बाजूला. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर. पण शेजाऱ्यांच्या विहिरी आटल्या आणि त्यांनी तळात आडवे बोअर मारण्यासाठी सावकाराचे पैसे उचलले, तो खर्च या वहीत कुठे आहे? वैरण-पाण्यावाचून बाजारात गेलेल्या गायी कुठे आहेत? टँकरचं बिल सरकार भरतं, म्हणजे आम्हीच भरतो, तेही तुमच्या वहीत नाही. पाण्याच्या पाळीसाठी शाळा बुडवून थांबलेल्या पोरींचे दिवस कोणी मोजायचे? अशा हिशेबाला लाभ-व्यय विश्लेषण हे नाव तेव्हाच शोभतं, जेव्हा व्यय कुणाच्याही अंगावर पडला तरी मोजला जातो. तुम्ही लाभ स्वतःचा मोजता आणि व्यय फक्त स्वतःच्या खिशातून गेला तेवढाच.

१९३९ साली निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी एक कसोटी मांडली. ज्यांचा फायदा झाला ते नुकसान झालेल्यांना पुरती भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल स्वीकारण्यासारखा समजावा. या कसोटीवर मोठी टीका झाली, कारण भरपाई देता येण्याजोगी असली की कसोटीला पुरे होतं. ती प्रत्यक्ष द्यावी लागत नाही. तुमचा सगळा व्यवहार याच फटीतून चालतो. तुम्ही भरपाई देऊ शकता. एका हंगामाच्या डाळिंबावर वस्तीवरच्या पाच विहिरींचा गाळ निघेल. तुम्ही दिली मात्र नाही, आणि मागायला आलेल्यांना पाणाड्याचा पत्ता दिलात.

तुमच्या वहीत आणखी एक आकडा नाही, तो विजेचा. पूर्वी मीटर नसलेल्या कृषिपंपाचं बिल मोटरच्या अश्वशक्तीवर ठोक यायचं. २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना तेही माफ आहे. मोटर आणखी एक तास चालवायला तुम्हाला रुपयाही लागत नाही, म्हणून ती रात्रभर चालते. कोरडवाहू माणसाची दोन एकर भिजावी म्हणून दिलेली ही सवलत आहे. ती सगळ्यात जास्त वापरतो तो सगळ्यात खोल गेलेला माणूस, कारण उथळ विहिरीवरची मोटर पाण्याअभावी दिवाळीनंतरच बंद पडलेली असते.

खडकाबद्दल बोलू. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा आहे. गंगेच्या खोऱ्यासारखा वाळूचा जाड थर आपल्याखाली नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात, फटींत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या जागेत. आमच्या आज्यांनी पन्नास-साठ फूट विहिरी खणल्या, त्या या वरच्या थरात. तो थर चांगल्या पावसाळ्यात भरतो आणि वर्षभर पुरवून वापरावा लागतो. त्याच्या खाली घट्ट पाषाण आहे आणि मध्ये क्वचित एखादी फट. तिथलं पाणी साठायला किती पिढ्या लागल्या असतील, याचा विचार ती फट फोडताना तुम्ही केला नाही. बोअरच्या गाडीवाल्याने "दोन इंच लागलं" म्हणून हात वर केला आणि तुम्ही पेढे वाटले.

त्याहून वाईट गोष्ट केसिंगखाली होते. तुमच्या बोअरला केसिंग वरच्या मुरमापुरतं आहे, त्याखाली भोक उघडं. वरच्या फटींतलं पाणी, ज्याच्यावर शेजाऱ्यांच्या विहिरी चालतात, त्या भोकातून सरळ खाली उतरतं. तुम्ही नऊशे फुटांचं पाणी काढता असं तुम्हाला वाटतं. त्यात साठ फुटांचंही असतं आणि ते शेजाऱ्याचं असतं. तळ्यावर तुम्ही 'जलसमृद्धी' असा फलक लावला आहे. त्याखाली आटलेल्या विहिरींच्या मालकांची नावंही रंगवून घ्या. पाणी त्यांनी पुरवलं आहे.

तुमचं पेटंट उत्तर मला माहीत आहे: "मी नाही उपसलं तर दुसरा उपसेल." अर्थशास्त्रात हे उत्तर प्रसिद्ध आहे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी 'सायन्स' नियतकालिकात सामाईक कुरणाचं उदाहरण देऊन हेच मांडलं. प्रत्येक गुराख्याला आणखी एक जनावर सोडण्यात फायदा दिसतो आणि शेवटी कुरण उजाड होतं. तुम्ही हे वाचलं नसेल, पण वागलात अगदी तसे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र डॉक्टरेटसाठी लॉस एंजेलिसजवळच्या भूजलाचाच अभ्यास केला. अतिउपशामुळे तिथे समुद्राचं खारं पाणी जमिनीखाली शिरत होतं. उपसणारे एकत्र बसले, भांडले, कोर्टात गेले आणि उपशावर मर्यादा ठरवून बाहेर आले. पुढे जगभरची अशी उदाहरणं त्यांनी गोळा केली आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. लोक नियम करू शकतात आणि पाळूही शकतात, हे त्यांनी पुराव्याने दाखवलं.

आपल्याकडे यासाठी नोबेलची वाट पाहावी लागली नव्हती. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधारा सामाईक, पाटकरी सगळ्यांचा, कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कोणतं पीक घ्यायचं ते ठरलेलं, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने मिळायचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला मनाई होती आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा होता. जमिनीपासून पाण्याचा हक्क वेगळा काढायचं धाडस त्या माणसाने केलं. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअरला बंदी झाली. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि पीक त्यावर ठरतं. तिथला पाऊस तुमच्या गावापेक्षा जास्त नाही. तुम्ही त्या गावाची सहल करून आलात, सरपंचांसोबत फोटो काढलात आणि महिन्याच्या आत बोअरची गाडी बोलावलीत.

मला सगळ्यात जास्त संताप श्रमदानावरून येतो. गावाने उन्हात सलग समतल चर खोदले, माती नाला बांध घातले, नाल्यातला गाळ काढला. म्हाताऱ्या माणसांनी पाट्या उचलल्या. अशा कामाचं पाणी कुणाच्या एकाच्या शेतात थांबत नाही, ते मुरतं आणि खाली सगळ्यांच्या वाट्याला जातं. म्हणूनच ते सगळ्यांनी करायचं असतं. न करणाऱ्यालाही त्याच्या लाभापासून रोखता येत नाही, हे अशा कामाचं दुखणं आहे. तुम्ही ते नेमकं हेरलंत. नारळ फोडायला आलात, पाटी उचलायला नाही. पुढच्या वर्षी विहिरींना पाझर वाढला, लोक खूश झाले आणि तुम्ही दुसरा बोअर घेतला. पाणी मुरवायला सगळं गाव आणि ओढायला तुम्ही एकटे. त्यानंतरच्या वर्षी श्रमदानाला माणसं आली नाहीत. ती का आली नाहीत, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

हक्काचंही तुम्ही बोलता: माझी जमीन, माझं पाणी. त्याला आधार आहे, १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचा. हा इंग्रजांचा कायदा बैलाच्या मोटेच्या काळातला. मोटेने कुणी तालुका कोरडा करू शकत नव्हता. पण कायदा तिथेच थांबलेला नाही, हे तुम्ही सोयीने विसरता. १९९३ च्या महाराष्ट्र कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला आडकाठी केली. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला. त्यात ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर म्हटलं आहे, आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ती घ्यायला मनाई आहे. तुमचं भोक त्याच्या साडेचार पट खोल. गाडी रात्री आली, रात्रीच गेली, आणि सकाळी तलाठ्याला विचारलं तर कुणालाच आवाज आलेला नव्हता.

हे पत्र सगळ्या बोअरवाल्यांना नाही. तीन बोअर फेल गेले, नुसता धुराळा उडाला आणि डोक्यावर कर्ज राहिलं, अशा माणसाशी माझं भांडण नाही. त्याची विहीर तुमच्यामुळे आटली, म्हणून तो पाच-सहाशे फुटांच्या जुगारात उतरला. शर्यत तुम्ही लावली. त्यात हरणारे ते आणि तुम्ही अजून खोल जाणारे, कारण आणखी शंभर फुटांचे पैसे फक्त तुमच्याकडे आहेत. गावच्या पाण्याची पातळी खाली गेली की तुमची सत्ता वाढते. टंचाई तुम्हाला सोसवते, एवढंच नाही, ती तुम्हाला पोसते. उन्हाळ्यात तुमच्याच बोअरचं पाणी टँकरमागे पैसे लावून विकलं जातं. ते कोण विकत घेतं, तेही सगळ्यांना माहीत आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या वर्षीचा पाऊस, विहिरींच्या पातळ्या आणि रब्बीचं पीक यांचा ताळेबंद मांडायचा ठराव आम्ही घालणार आहोत. तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: दोन्ही बोअरची खरी खोली, मोटरची अश्वशक्ती आणि तळ्याचं माप. त्याशिवाय टंचाईच्या वर्षी तळ्यातलं निम्मं पाणी पिण्यासाठी गावाला देण्याची लेखी हमी आणि नवा बोअर न घेण्याचा शब्द. नाही म्हणायचं असेल तर तेही सभेत, सगळ्यांसमोर म्हणा. मागच्या वेळी मुलाला पाठवलंत, या वेळी स्वतः या.

तुमच्याच पाणलोटातला,
एक साठ फुटी विहिरीचा शेतकरी