‘आख्यायिका’ कशी वापरावी: देवरूखला नव्याने आलेल्यांसाठी

देवरूखला बदली होऊन आलेल्या माणसाला कोणीतरी लवकरच मार्लेश्वरला नेतं. तिथे ‘आख्यायिका’ हा शब्द लागतोच, तेव्हा तयारीने जावं.

साहित्य: एक देव, एक ‘म्हणे’ आणि गिळून टाकलेलं एक ‘कधी?’. पुरावा घालू नये, चव बिघडते.

आता कृती. मार्लेश्वराचं देऊळ मारळच्या गुहेत आहे; तिथे विजेचे दिवे नाहीत, समया आहेत. डोळे सरावले की कपारीत साप दिसतात, निदान दिसल्यासारखे वाटतात. सोबतचा सांगेल, “हे कोणाला काही करत नाहीत हां.” नवशिक्याने मान डोलवावी आणि हळूच म्हणावं, “अशी आख्यायिका आहे, नाही का?” ‘दंतकथा’ म्हणू नये. कोशात हे दोन शब्द शेजारी नांदतात, गुहेत नांदत नाहीत. दंतकथा म्हटलं की समोरच्याला आपण खोटं पाडलं असं होतं. आख्यायिका म्हटलं की शंकाही शाबूत राहते आणि प्रसादही मिळतो. हात मात्र कपारीपासून लांब ठेवावा. श्रद्धाळूही तो लांबच ठेवतात.

मकरसंक्रांतीला जपून. त्या दिवशी मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, दरवर्षी. नवरदेव आंगवलीच्या मठातून निघतो, नवरीची पालखी साखरप्याहून येते आणि यजमानपण देवरूखच्या व्याडेश्वराकडे. पसंती, मानपान, मंगलाष्टका, कशात काही उणं नसतं. देव पूर्वी दुसऱ्या गावात होता आणि तिथल्या अन्यायाला विटून डोंगरात आला, ही आख्यायिका. तसं खुशाल म्हणा. लग्नाला म्हणू नका. त्याचं रीतसर बोलावणं असतं, आणि बोलावणं आलेल्या कार्याला आख्यायिका म्हणणाऱ्या पाहुण्याचं पान शेवटच्या पंगतीत मांडतात.

कसबा संगमेश्वरला कर्णेश्वराचं देऊळ पाहताना “पांडवांनी एका रात्रीत बांधलं” हे ऐकू येईलच. कोकणात जे जे दगडी आणि कोरीव, ते ते पांडवांचं, आणि सगळं रात्रपाळीतलं. अभ्यासक चालुक्यांचं नाव घेतात. दोघांचंही ऐकून घ्यावं, देऊळ कोणाचीच तक्रार करत नाही. मात्र ह्याच कसब्यात फेब्रुवारी १६८९ मध्ये मोगल सरदार मुकर्रबखानाने संभाजी महाराजांना पकडलं. हा इतिहास आहे, इथे ‘म्हणे’ला जागा नाही. आणि नेमकं इथेच लोक पोतंभर ‘म्हणे’ ओततात, सिनेमा पाहून आलेले तर जास्तच.

जिवंत माणसांसाठी वेगळा शब्द आहे: ‘लेजंड’. तो फक्त फ्लेक्सवर वापरतात. टेनिस बॉलच्या स्पर्धेत एका ओव्हरला चार सिक्स मारले की मुलगा लेजंड होतो. वाढदिवस असला तर सिक्सचीही गरज नाही. पावसाळ्याआधी तो फ्लेक्स उतरतो आणि मागल्या पडवीतल्या लाकडांवर पसरला जातो, लेजंडचं तोंड खाली करून. पाणी अजिबात आत जात नाही, हे मान्य करावं लागेल.

शेवटची सूचना. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ मध्ये देवरूखात ‘मातृमंदिर’ उभं केलं, बायकांच्या बाळंतपणाच्या सोयीपासून. त्यांच्या नावापुढे आख्यायिका किंवा लेजंड यातलं काहीही लावून पाहू नये. इथे त्यांना ‘मावशी’ म्हणतात. “कोणाच्या मावशी?” असं विचारलंत, तर नवीन आलात हे लगेच कळेल.