साधा मंगळवार पाहिजे

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून वार हद्दपार झाले आहेत. सोमवार, मंगळवार असं काही राहिलं नाही. आता अमुक दिवस असतो, तमुक सप्ताह असतो, ढमका पंधरवडा असतो आणि प्रत्येकाच्या मागून अहवाल असतो. भंडारा जिल्ह्यात तुमसरपासून लाखांदूरपर्यंत कुठल्याही द्विशिक्षकी शाळेत डोकवा. दोन गुरुजी, चार वर्ग आणि भिंतीवर उपक्रमांचं असं वेळापत्रक, की त्यात शिकवणं कुठे बसवायचं हाच एक उपक्रम होऊ शकेल.

हे प्रकरण सगळ्यात रंगलं ते २०२४ च्या जुलैत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला चार वर्षं होत होती, म्हणून २२ ते २८ जुलै देशभर ‘शिक्षण सप्ताह’ साजरा करायचा ठरला. शाळेत शिक्षण सप्ताह! खानावळवाल्यानं वर्षातून एकदा ‘जेवण सप्ताह’ जाहीर करावा, तसलाच हा प्रकार. बाकीचे एकावन्न आठवडे काय वाढत होतात, असं गिऱ्हाइकानं विचारलं तर?

सोमवारी शैक्षणिक साहित्याचा दिवस झाला. मंगळवारी मूलभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचा. म्हणजे वाचणं, लिहिणं, मोजणं, ज्यासाठी प्राथमिक शाळा नावाची वस्तू गावात उभी केली, त्याच्या वाट्याला सातातला एक दिवस आला. मंगळवारी वाचायला आलं नाही तरी हरकत नाही, कारण बुधवारी क्रीडा दिवस होता. गुरुवारी संस्कृती, शुक्रवारी कौशल्य आणि डिजिटल, शनिवारी झाडं आणि पोषण, आणि शेवटच्या दिवशी समुदायाचा सहभाग. २८ जुलैला वार कुठला होता हे कॅलेंडर काढून बघा. रविवार. गावकऱ्यांनी शाळेत यावं म्हणून शाळाच रविवारी भरवण्याचा बेत.

पण गावकरी कुठे होते? बांधीत. जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे भंडारा जिल्ह्यात रोवणीचा भर. बाया पहाटे उठून भाकरी बांधून निघतात आणि दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावतात. त्या दिवसांत मजूर मिळत नाही, ट्रॅक्टर मिळत नाही, चिखलणीवाल्याचा फोन लागत नाही. अशा वेळी समुदायानं आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून शाळेत तिथी भोजनाला बसावं, अशी अपेक्षा. तारीख ठरवणाऱ्यांनी तांदूळ पाहिलेला असणार, धान पाहिलेलं नसणार.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात खरा उपक्रम शाळेच्या कुंपणापलीकडे चालू असतो. एका बांधीला किती पेंढ्या लागतील, आठ बाया असल्या तर संध्याकाळपर्यंत किती बांध्या उरकतील, रोजाचा हिशेब गुत्त्यानं केला तर कितीला पडेल, हे तिसरीतली पोरगी आईच्या मागं मागं फिरून ऐकते आणि बोटांवर सांगते. गुणाकार, भागाकार, क्षेत्रफळ, सगळं त्या चिखलात आहे. एखाद्या गुरुजीनं पोरांना धुऱ्यावर नेऊन तासभर ही गणितं घातली तर महिनाभराचा पाठ होईल. काही गुरुजी नेतातही. पण त्याची लिंक येत नाही. लिंक न आलेल्या शिक्षणाला आपल्याकडे शिक्षण म्हणत नाहीत.

तर लिंक. शाळेतला सगळ्यात कडक विषय आता हाच. सकाळी परिपाठ होतो न होतो तोच गटावर माहिती भरायच्या लिंकसह निरोप पडतो: अतितात्काळ, आजच दुपारपर्यंत, फोटोसह. मग वर्ग थांबतो. पोरं ओळीत उभी राहतात, मागं फलक धरला जातो, फलकावरची तारीख दिसते की नाही हे तपासलं जातं, हसा रे म्हटलं जातं. झाड लावल्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, पुस्तक वाचत असल्याचा फोटो. फोटो निघाला की पुस्तक मिटतं. संध्याकाळी बांधीतून परतलेली माय विचारते, “काय शिकवलन गा मास्तरनं आज?” पोरगं म्हणते, “काई नाई, आज फोटू होता.”

थोडं मागचं आठवून बघा. २०२२ च्या ऑगस्टात फर्मान निघालं, की वर्गात शिक्षकांचे ए-फोर आकाराचे फोटो लावा. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता कळतं, की सरकार दूरदर्शी होतं. पुढं गुरुजी लिंक भरायला बसणार, निदान फोटो तरी वर्गात असावा. २०२३ च्या डिसेंबरपासून पोरांची हजेरी चॅटबॉटवर घ्यायला सांगितलं. २०२४ च्या सुरुवातीला ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ आलं, त्यात मुख्यमंत्र्यांच्या संदेशपत्रासोबत सेल्फी चढवायची होती. पत्रात काय लिहिलंय हे पोराला वाचता येतं का, ते विचारणारा रकाना मात्र कुणाला सुचला नाही.

कायदा काय म्हणतो, तेही सांगून टाकू. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. शिक्षकाला आठवड्याला तयारीसकट ४५ तास. कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. पळवाट सोपी निघाली. अशैक्षणिक काम द्यायचं नाही ना? मग प्रत्येक कामालाच शैक्षणिक म्हणायचं.

मार्च २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आला. पहिली ते आठवीच्या पोरांना शनिवारी आनंद मंजूर करण्यात आला आहे. सोमवार ते शुक्रवारच्या आनंदाबाबत स्वतंत्र शासन निर्णय निघेल, अशी आशा ठेवू. कल्पना वाईट नाही, हे आधीच सांगतो. दप्तर नाही, खेळ आहे, चित्र आहे, गोष्ट आहे; शनिवारच्या सकाळच्या शाळेत याहून बरं काय करणार? पण यादी वाचायला घेतली की घाम फुटतो. श्वसनाची तंत्रं, आपत्ती व्यवस्थापन, रोजच्या जगण्यातलं वित्तीय व्यवस्थापन, नातेसंबंध हाताळण्याचं कौशल्य. दुसरीतल्या पोरानं नातेसंबंध हाताळायचे! शेजारच्यानं रबर घेतलं आणि परत दिलं नाही, यापलीकडचा नातेसंबंध त्याला अजून माहीत नाही.

वित्तीय व्यवस्थापन तर भंडाऱ्याच्या पोरांना शिकवायला जाऊच नये. खरेदी केंद्रावर धान घातल्यापासून चुकारे खात्यात पडेपर्यंत घर कसं चालतं, किराणावाला कितव्या आठवड्यात तोंड फिरवतो, बोनसची घोषणा आणि बोनस यांच्यात किती महिने असतात, हे त्या घरातल्या पोरानं पाहिलेलं असतं. वित्त विभागाच्या साहेबांनीच एक शनिवार येऊन त्याच्याकडून शिकून जावं. आणि आपत्ती व्यवस्थापन? २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली. ज्यांची घरं बुडाली त्या घरांतली पोरं आज वरच्या वर्गांत आहेत. त्यांना विचारा ना, पाणी कधी चढलं, आधी काय उचललं, धान्य कुठं ठेवलं. तासाचा पाठ आयता आहे. पण मार्गदर्शिका उघडली जाते.

आठवड्याच्या वेळापत्रकात पोरं मनापासून वाट पाहतात ती एकाच तासाची, दुपारच्या. पोषण आहाराचा २०२४ चा सुधारित फलक म्हणजे लग्नाचं मेनूकार्डच होतं: पंधरा पदार्थ. मसालेभात, मटार पुलाव, मूग-शेवगा वरणभात, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व. पहिली ते पाचवीच्या पोरामागं तांदूळ मात्र शंभर ग्रॅम, आणि हे रांधणाऱ्या ताईंना तेव्हा महिन्याला अडीच हजार. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडंही ठरलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचे पैसे काढून घेतले आणि म्हटलं, लोकसहभागातून द्या. शिक्षण सप्ताहातला तो समुदाय सहभाग कशासाठी होता, याचा उलगडा इतक्या उशिरा झाला.

गुरुजी मंडळी मात्र धुतल्या तांदळासारखी आहेत असं समजू नका. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव खिशात आणि मुक्काम नागपुरात, हे गाव जाणतं. चारची बस साडेतीनपासून डोळ्यांत दिसू लागते, हेही जाणतं. फोटोची ही व्यवस्था काहींना मानवलीही आहे. शिकवलं की नाही ते तपासायला वर्षं लागतात, फोटो पाच मिनिटांत तपासून होतो. वरच्यांना पुरावा मिळाला, खालच्यांना सुटका मिळाली. नागवलं गेलं ते फक्त पोरगं, आणि त्याची सही कुठल्याही अहवालावर लागत नाही.

पोराला वाचता यावं म्हणून तर निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरी संपताना पोरानं मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत, असं त्याचं लक्ष्य, आणि मुदत २०२६-२७ ची. लक्ष्य चांगलं आहे, मोजायला सोपं आहे, आणि त्याला लागणारं सामानही स्वस्त आहे: एक पुस्तक, एक पोर, शेजारी बसलेला एक शिक्षक आणि रोजचा थोडा वेळ. यातलं पुस्तक फुकट मिळतं, पोर शाळेत आहे, शिक्षकाला पगार आहे. तुटवडा आहे तो चौथ्या वस्तूचा, आणि तो तुटवडा अतितात्काळ निरोपांनी पाडलेला आहे.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेनं आठवड्यातला एक वार मोकळा सोडावा. त्या दिवशी लिंक नाही, फलक नाही, फोटो नाही, कसलाही ‘दिवस’ नाही. नुसता मंगळवार. राज्यभर जमत नसेल तर एका तालुक्यात करून बघा. मोहाडीत करा, नाहीतर साकोलीत करा.

तोवर पालकांनी थांबू नये. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण सदस्य आहोत हे सहीच्या वेळीच कळतं. पुढच्या सभेत उपक्रमांचा अल्बम समोर आला की तो बाजूला सारा. चौथीतलं कुठलंही पोर बोलवा, पुस्तकाचं कुठलंही पान उघडा आणि त्याला वाचायला सांगा. मग सही करा.