तीन घाट आणि एक थर्मामीटर

पाचगणीला माणसं बरी व्हायला जातात. आम्ही तिथे आजारी पडलो. चार हजार फुटांवरची ती हवा इतकी गुणकारी, की डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी 'बेल एअर' काढलं ते तिथेच. मला तिथल्या एका बोर्डिंगात टाकताना आप्पांनीही "हवेसाठी" एवढ्या एका शब्दात सगळ्या नातेवाइकांची तोंडं बंद केली होती.

१९५७ साल. मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला लागलेल्या एका बोटीतून फ्लू हिंदुस्थानात उतरला. आमच्या डॉर्मिटरीपर्यंत यायला त्याला दोन महिने लागले. बहुधा तोही एसटीनेच आला असावा.

सोमवारी भूमितीची चाचणी होती. काखेत कांदा ठेवला की ताप चढतो, हे शास्त्र शेजारच्या कॉटवरच्या सोलापूरच्या मित्राने शिकवलं. मी रात्रभर कांदा सांभाळला. सकाळी मेट्रनबाईंनी थर्मामीटर तोंडात घातला आणि काखेतलं शास्त्र काखेतच राहिलं. चाचणीत मला चार मार्क मिळाले, आणि वर्गात माझ्या बाकावर कोणी बसेना, ते मात्र वासामुळे.

बुधवारी खरा ताप आला. बाईंनी आधी माझ्या दोन्ही काखा हुंगल्या, मग पारा पाहिला. १०३! मला वाटलं, आता त्या माफी मागतील. त्या म्हणाल्या, "चल, सरक." कारण सिक रूममधल्या त्या कॉटवर आधीच एक जण होता.

औषध म्हणजे लाल मिक्श्चर. बाटलीला खाचा कातरलेली कागदी पट्टी, एक खाच म्हणजे एक डोस. शनिवारी मॅच होती म्हणून सोलापूरकराने तीन खाचा एकदम उतरवल्या. मॅच तर बुडालीच, वर दोन दिवस तो लाल बोलत होता. जेवायला पेज. बाहेर पाऊस, आत पाऊस खाल्लेली घोंगडी. एकच थर्मामीटर डेटॉलात बुचकळून सगळ्या तोंडांतून फिरे, त्यामुळे ताप उतरला तरी जिभेवरून डेटॉल उतरेना.

शेवटी रेक्टरांनी पंधरा दिवस सुट्टी देऊन टाकली. मला पत्र्याच्या ट्रंकेसकट पुण्याच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली केलं.

"काय झालंय पोराला?" कंडक्टरने विचारलं.

"फ्लू."

खच्चून भरलेल्या गाडीत माझ्याभोवतीची तीन बाकं रिकामी झाली. एवढा मान मला पुढे लग्नातही मिळाला नाही. पसरणी घाट मी आडवा होऊन उतरलो. निरोगी माणसं दांड्याला लोंबकळत माझ्याकडे रागाने बघत होती. एक फेटेवाले आजोबा तेवढे येऊन टेकले. "आम्ही अठरा सालची मानमोडी बघितलीया. घरटी माणूस गेलं. ह्या फुलूला कोण भितंय?" असं म्हणून त्यांनी मला आलेपाकाची वडी दिली. वाईला उतरेपर्यंत ते चार वेळा शिंकले.

खंबाटकीत आलेपाक, पेज आणि उरलंसुरलं मिक्श्चर खिडकीबाहेर गेलं. त्यानंतर फार बरं वाटलं. शिरवळला चहा घेतला. एप्रिलपासून नवे पैसे सुरू झालेले. चहा एक आणा, आणि आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हॉटेलवाला सात मागे, मी सहा देई. पाऊण पैसा माझा की पाव पैसा त्याचा, यावर आमची अशी जुंपली की कंडक्टरने घंटी मारली. चहा अर्धाच प्यालो होतो. माझ्या मते हिशेब त्यामुळे फिटला.

कात्रजच्या बोगद्यात शिरलो तशी घराची ओढ लागली. आई दारात उभी असेल, मीठमोहऱ्या ओवाळून टाकेल, डोक्यावर पट्टी ठेवेल, मऊ भात, वर मेतकूट, तूप... कात्रज उतरेपर्यंत मी मुद्दाम थोडा जास्त आजारी झालो. हमालाने ट्रंक वाड्याच्या चौकात टेकवली तेव्हा मी नीट कण्हत होतो.

कोणी आलं नाही.

आत मधल्या खोलीत ओळीने पाच अंथरुणं. आई, काकू, दोन बहिणी आणि आप्पा. आप्पांनी घोंगडीतून एक डोळा बाहेर काढला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आलास? बरं झालं. हवेने तब्येत सुधारलेली दिसते. आता आधी चहा टाक, गवती चहा फळीवर आहे. आणि पाच कप."

मी सहा कप आधण ठेवलं.